वेळेचं सोंग

सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. आठ जगं, बत्तीस लेव्हल, ते डोक्यात बसलेलं संगीत, ती कासवं, पाण्याखालचे मासे, शेवटी आग ओकत उभा असलेला बाउझर, सगळं मिळून ४०,९६० बाइट. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येऊन पडणारं सुप्रभातचं चित्र याहून मोठं असतं. १९८५ साली जपानमध्ये निघालेला हा गेम आज ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडतो आणि धावायला लागतो. शेजारच्या टॅबमध्ये वीजबिल भरायचं राहिलेलं असतं, पलीकडच्या टॅबमध्ये अर्धवट लिहिलेली मेल. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, कुठलं यंत्र विकत आणावं लागत नाही.

खरं म्हणजे हे चालायचं काहीच कारण नाही. त्या ४० किलोबाइटपैकी ८ किलोबाइट चित्रांचे आहेत. (जागा इतकी तोकडी की मारिओतला ढग आणि झुडूप ही एकच आकृती आहे. पांढरी रंगवली की ढग, हिरवी रंगवली की झुडूप. एकदा हे कळलं की पुन्हा नजरेआड करता येत नाही.) उरलेले ३२ किलोबाइट म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची लांबलचक रांग. त्यातले बरेचसे आकडे म्हणजे आज्ञा, आणि त्या समजणारी चिप एकच: हा गेम ज्यावर चालायचा त्या निन्टेन्डोच्या डब्यात बसवलेली, रिको कंपनीने बनवलेली, ६५०२ घराण्यातली. या चिपला १६९ हा आकडा दिसला की तिला कळतं, पुढचा आकडा उचलायचा आणि ‘ए’ नावाच्या कप्प्यात ठेवायचा. हाच १६९ लॅपटॉपमधल्या इंटेलच्या चिपपुढे ठेवला तर तिला वाटतं, काही बिट तपासून पाहायला सांगताहेत. आणि मोबाइलमधली एआरएम चिप चार-चार बाइटचा घास घेते, त्यामुळे सुट्या १६९ ला तिच्या लेखी काही अर्थच नाही.

तेव्हा गेम बदलायचा नाही, त्याच्यासमोर त्याची जुनी चिप उभी करायची, हा एक मार्ग. बहुरूपी दारात फौजदार होऊन उभा राहतो आणि घरातली पोरं क्षणभर दचकतात. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम तसाच गेमपुढे निन्टेन्डो होऊन उभा राहतो. ए, एक्स, वाय असे तीन कप्पे, २,०४८ बाइटची मेमरी (होय, एवढीच होती), सध्या कुठली आज्ञा चालू आहे ते सांगणारा एक आकडा. मग काम एकच. पुढचा आकडा वाच, तक्त्यात त्याचा अर्थ पाहा, त्याप्रमाणे कप्प्यांत फेरफार कर, पुढे सरक. ६५०२ ला आज्ञा अवघ्या ५६ प्रकारच्या समजतात. कॉम्प्युटर सायन्सचा एखादा चिकाटीचा विद्यार्थी सुट्टीत हे लिहू शकतो, आणि पुष्कळ जण लिहितातही.

बटणांचं सोंग तर मला सर्वांत गमतीचं वाटतं. गेमला ‘उडी’चं बटण दाबलंय का हे कळायचा मार्ग एकच: मेमरीतला १६,४०६ नंबरचा पत्ता. तिथे मेमरी नसतेच, तिथून वायर कंट्रोलरकडे जाते. गेम त्या पत्त्यावर आधी १ लिहितो, मग ०. त्याचा अर्थ ‘बटणं आत्ता जशी आहेत तशी धरून ठेव’. मग तोच पत्ता आठ वेळा वाचतो आणि दर वाचनाला एकेका बटणाचा जबाब मिळतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. हा क्रम ठरलेला. ब्राउझरमध्ये कंट्रोलर नाही, वायर नाही. एम्युलेटर तो पत्ता ओळखतो, तुमच्या की-बोर्डवर कुठल्या कळा दाबलेल्या आहेत ते पाहतो आणि निमूटपणे त्याच क्रमाने आठ उत्तरं देतो. गेमला शंका यायला जागाच राहत नाही.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. एम्युलेटर लिहिणाऱ्यांना विचारलं तर ते पैशाच्या जागी वेळ म्हणतील.

मारिओ खेळताना पडद्याच्या वरच्या भागाकडे कधी नीट पाहिलंय? गुण, नाण्यांची संख्या, उरलेला वेळ. खालचं जग डावीकडे सरकत असतं, ती पट्टी मात्र जागच्या जागी. आज यात काही विशेष वाटत नाही. पण त्या यंत्रातल्या चित्र काढणाऱ्या चिपला ‘पडदा किती सरकवायचा’ हे सांगायची सोय अख्ख्या पडद्यासाठी एकच होती. एक तर सगळं सरकेल, नाहीतर काहीच नाही. मग पट्टी स्थिर राहते कशी?

जुन्या टीव्हीवर चित्र एकदम उमटत नसे. किरण वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचा आणि ओळीमागून ओळ रंगवत खाली यायचा, सेकंदाला साठ वेळा. मारिओ लिहिणाऱ्यांनी हे हेरलं. चित्र सुरू होताना सरकवणं शून्य ठेवायचं, किरणाने वरची पट्टी रंगवून संपवली की त्याच क्षणी, चित्र अर्धवट असतानाच, सरकवण्याचा आकडा बदलायचा. पण किरण पट्टीच्या खाली आला हे गेमला सांगणार कोण? त्यासाठी त्यांनी पट्टीतल्या नाण्याच्या चित्राच्या बुडाशी एक छोटी आकृती लपवून ठेवली. त्या आकृतीचा ठिपका आणि मागच्या नाण्याचा ठिपका एकाच जागी रंगवला गेला की चित्र काढणारी चिप एक निशाण वर करते. गेम तोवर दुसरं काही करत नाही. निशाण वर झालं का? नाही. झालं का? नाही. झालं? झालं. सरकव.

प्रत्येक चित्रामागे हे एकदा, म्हणजे सेकंदाला साठदा. आता समजा, एम्युलेटर लिहिणाऱ्याने सोय पाहिली आणि आधी चिपच्या सगळ्या आज्ञा उरकून मग अखेरीस एकदम चित्र काढलं. निशाण वेळेत वर होणारच नाही. गेम विचारत राहील, झालं का, झालं का, आणि टॅब थिजलेला दिसेल. थोडीशीच गफलत झाली तर पट्टी फाटल्यासारखी दिसेल. म्हणून एम्युलेटरला दोन्ही चिपांची पावलं जुळवून चालावं लागतं. मुख्य चिप सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांनी चालते, आणि तिच्या एका ठोक्यात चित्रवाली चिप तीन ठिपके पुढे जाते. एका चित्रात मुख्य चिपचे सुमारे २९,७८० ठोके. त्यातला नेमका कितवा ठोका चालू आहे, हे सोंगाड्याला सतत ठाऊक असावं लागतं.

हा काटेकोरपणा किती महाग पडतो, त्याची एक प्रसिद्ध नोंद आहे. निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रातली, सुपर निन्टेन्डोतली मुख्य चिप जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झची. बायू या टोपणनावाने वावरणाऱ्या प्रोग्रॅमरने त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करण्यात वर्षं घालवली आणि २०११ साली लिहिलं की त्यासाठी ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागतो. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने मुळाच्या आठशे पट. ताकद हिशेब करण्यात जात नाही, प्रत्येक भागाने दुसऱ्या भागासाठी क्षणोक्षणी थांबून राहण्यात जाते.

आता हे सगळं ब्राउझरमध्ये करायचं, म्हणजे अडचणीत भर. ब्राउझरला येणारी भाषा जावास्क्रिप्ट. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आयख यांनी १९९५ च्या मे महिन्यात तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. वेबपानांत थोडी हालचाल आणावी, फॉर्ममध्ये काही भरायचं राहिलं तर टोकावं, अशा कामांसाठी. तिच्यात प्रत्येक संख्या दशांश चिन्हाची म्हणूनच धरली जाई. साधा पूर्णांक असा वेगळा नव्हताच. अशा भाषेत चिपची नक्कल करायला बसणं हा शुद्ध हट्ट होता, आणि तो हट्ट काही जणांनी केला. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०११ साली जावास्क्रिप्टमध्ये इंटेल घराण्यातला अख्खा कॉम्प्युटर लिहिला आणि ब्राउझरच्या टॅबमध्ये लिनक्स सुरू करून दाखवलं.

त्याच सुमाराला मोझिलामध्ये अलोन झकाई वेगळ्या दिशेने निघाले होते. गेमला फसवण्यापेक्षा, तो ज्या सी किंवा सी प्लस प्लस भाषेत लिहिला आहे तिथूनच त्याचं जावास्क्रिप्ट करून टाकलं तर? त्यांच्या एम्स्क्रिप्टेन या अवजारातली युक्ती साधी आणि धीट आहे. सी भाषेतला प्रोग्रॅम मेमरीत हवा तिथे हात घालतो. जावास्क्रिप्ट ते करू देत नाही. मग जावास्क्रिप्टमध्ये आकड्यांची एक भलीमोठी यादी करायची आणि हीच तुझी मेमरी म्हणून प्रोग्रॅमला सांगायचं. मेमरीचा पत्ता म्हणजे यादीतला अनुक्रमांक. प्रोग्रॅमने कितीही गोंधळ घातला तरी तो त्या यादीबाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे शेजारच्या टॅबमधलं तुमचं बँक खातं सुरक्षित.

पूर्णांकांचा तिढा तर आणखी विनोदी पद्धतीने सुटला. जावास्क्रिप्टमध्ये कुठल्याही संख्येपुढे एक उभी रेघ आणि शून्य लिहिलं की उत्तर पूर्णांकच येतं, हा भाषेचा एक कोपऱ्यातला नियम. एम्स्क्रिप्टेन जागोजागी ती रेघ आणि शून्य पेरू लागलं. मोझिलाने २०१३ मध्ये फायरफॉक्सला शिकवलं की हा नमुना दिसला की ही संख्या पूर्णांकच आहे असं समज आणि थेट चिपच्या भाषेत उतरव. या शैलीचं नाव एएसएम.जेएस. त्याच वर्षी मोझिला आणि एपिक गेम्सने अनरियल इंजिन ३ ब्राउझरमध्ये चालवून दाखवलं. सी प्लस प्लसच्या लाखो ओळी, आणि त्या इकडे आणायला लागले होते चार दिवस.

मग रेघा-शून्यांचा आडवळणी कारभार सोडून सरळ रस्ताच बांधायचं ठरलं. एरवी एकमेकांशी सदोदित स्पर्धा करणाऱ्या मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांनी मिळून वेबअसेम्ब्ली तयार केली. २०१७ संपेपर्यंत चारही मोठ्या ब्राउझरांत ती आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये वेबच्या अधिकृत मानकांत बसली. ही खऱ्या अर्थाने कुठल्याच चिपची भाषा नाही. अस्तित्वात नसलेल्या एका चिपसाठी आज्ञा लिहायच्या, आणि ब्राउझरने त्या तुमच्या यंत्रातल्या खऱ्या चिपच्या भाषेत उतरवून घ्यायच्या. पहिल्या आवृत्तीत तिला फक्त चार प्रकारच्या संख्या कळत होत्या. तेवढ्यात डूम चालतो. चित्रं वेगाने काढायचं काम वेबजीएलने २०११ पासूनच सोपं केलं होतं.

डूमचं नाव घेतलं तर वेळेकडे परत यावंच लागतं. १९९३ मध्ये निघालेल्या या गेमचा सोर्स कोड इड सॉफ्टवेअरने १९९७ साली खुला केला. त्याच्या पोटात एक फेरा आहे, आणि तो कधीच संपत नाही: कळा बघ, जग एक पाऊल पुढे ने, चित्र काढ, पुन्हा पहिल्यापासून. डॉसवर हे ठीक होतं, तिथे गेम सुरू झाला की अख्खा कॉम्प्युटर त्याचा. ब्राउझरमध्ये मात्र एखादं पान असं अडून बसलं की सगळं ठप्प होतं आणि ‘हे पान प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते. इथला शिरस्ता असा की थोडं काम करायचं, नियंत्रण परत द्यायचं आणि ब्राउझर पुन्हा हाक मारेल तेव्हा पुढचं पाऊल टाकायचं. म्हणून तो न संपणारा फेरा कापून एकेका चित्रापुरता करावा लागतो. त्यात डूमचं जग सेकंदाला ३५ पावलं टाकतं आणि तुमचा पडदा ६० किंवा १२० वेळा हाक मारतो. प्रत्येक हाकेला ओ दिली तर राक्षस दुप्पट, चौपट वेगाने अंगावर येतील. काही हाका सोडून द्याव्या लागतात.

टॅब बदललात तर हाका बंदच होतात. मारिओ हवेत असताना तुम्ही वीजबिल भरायला गेलात, तर परत येईपर्यंत तो हवेतच असतो, आणि मध्ये अर्धा तास गेला हे त्याला कळायची सोय नाही. सुरुवातीला येणारं ‘खेळण्यासाठी क्लिक करा’ हे बटणही उगाच नाही. पाहुण्याने स्पर्श केल्याशिवाय आवाज करायचा नाही, असा ब्राउझरांचा नियम आहे. आणि आवाज हवाच. पुष्कळ एम्युलेटर पडद्याच्या तालावर चालतच नाहीत, आवाजाच्या तालावर चालतात. चित्राची एक चौकट चुकली तर डोळा माफ करतो, आवाजात एवढीशी खोट पडली तरी कानाला टोचतं.

जानेवारी २०१८ मध्ये तर खुद्द घड्याळच संशयित ठरलं. स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाली. अतिसूक्ष्म वेळ मोजता आली तर एखादं लबाड पान शेजारच्या पानाची गुपितं चोरू शकतं, असं दिसलं. ब्राउझरांनी काय केलं, तर आपली घड्याळं मुद्दाम थोडी ढोबळ केली, आणि प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांना एकच मेमरी वाटून घेऊ देणारी सोयही बंद केली, कारण तिच्यातूनही बारीक घड्याळ बनवता येत होतं. नेमकी हीच सोय मोठ्या गेमना हवी होती. ती परतायला वर्षं लागली, आणि कडक अटींवर परतली.

या दोन्ही वाटा, सोंगाची आणि भाषांतराची, जिथे एक होतात ती जागा म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. तिथल्या जेसन स्कॉट यांनी आणि स्वयंसेवकांनी आधीच अस्तित्वात असलेले, सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले थोराड एम्युलेटर एम्स्क्रिप्टेनमधून काढले. २०१३ च्या डिसेंबरात जुन्या कन्सोलचे गेम आले, २०१४ च्या नोव्हेंबरात ९०० हून अधिक आर्केड गेम, आणि २०१५ च्या जानेवारीत सुमारे २,४०० डॉस गेम. त्यात प्रिन्स ऑफ पर्शियाही होता.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या पिढीला ‘प्रिन्स’ आणि ‘डेव्ह’ यांची ओळख करून द्यायला नको. (डेव्ह ज्याने लिहिला त्या जॉन रोमेरोनेच पुढे सहकाऱ्यांबरोबर डूम घडवला.) आज मोबाइलवर प्रिन्स उघडा आणि सोंगांचे थर मोजा. गेमला वाटतं, आपण इंटेलच्या पीसीवर आहोत. तो पीसी म्हणजे डॉसबॉक्स हा एम्युलेटर, त्याला वाटतं आपण साध्या कॉम्प्युटरवर आहोत. तो कॉम्प्युटर म्हणजे वेबअसेम्ब्लीची न जन्मलेली चिप. तिच्या तळाशी तुमच्या फोनची एआरएम. राजकन्येला सोडवायला दिलेला एक तासही भिंतीवरच्या घड्याळाचा नाही. गेम स्वतःची पावलं मोजून तास ठरवतो. खालचा कुठला थर रेंगाळला तर तासही रेंगाळतो. त्या काळच्या कॅबिनेटवरचं टर्बो बटण आठवतंय? प्रोसेसरच्या वेगावरच आपली चाल ठरवणारे जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर भन्नाट पळत सुटायचे, म्हणून यंत्र मुद्दाम मंद करण्यासाठी ते होतं. डॉसबॉक्समध्ये ते काम एक सेटिंग करतं.

कायद्याच्या बाजूने चित्र तितकंसं सुरेख नाही. यंत्राची नक्कल करणं वेगळं आणि गेमची प्रत वाटणं वेगळं. पहिल्या गोष्टीला अमेरिकेतल्या अपील कोर्टाने २००० साली सोनीविरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात बऱ्यापैकी मोकळीक दिली, दुसरीवर मालकाचा हक्क कायम आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. तरीही ग्रंथालयांना असे गेम संशोधकांना दुरून खेळू द्यायची परवानगी २०२४ मध्ये नाकारली गेली. विकायचं नाही आणि बघूही द्यायचं नाही, हे मला तरी पटत नाही.

शेवटी बदकांचा गेम. डक हंट. आपल्याकडे तो टीव्ही-गेमच्या नकली डब्यांबरोबर आला, ज्यांच्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं बेधडक छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-दहा गेम फिरून फिरून यायचे. सोबत प्लॅस्टिकची बंदूक. ती काही सोडत नसे, उलट बघत असे. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा डोळा होता. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. डोळ्याला आधी अंधार आणि नेमक्या पुढच्या चौकटीत उजेड दिसला तर नेम लागला. नाहीतर तो कुत्रा हसायला मोकळा.

सगळा खेळ जुन्या टीव्हीच्या किरणाच्या वेळेवर बेतलेला. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र काही मिलिसेकंद उशिरा उमटतं आणि उमटण्याची तऱ्हाही वेगळी. गेम उत्तर मागतो तेव्हा चौकोन अजून पडद्यावर आलेलाच नसतो. त्यामुळे अस्सल निन्टेन्डो, अस्सल कॅसेट आणि अस्सल बंदूक घेऊन सपाट टीव्हीपुढे बसलात तर एकही बदक पडत नाही. ब्राउझरमधल्या एम्युलेटरकडे बंदूक नसते, माउस असतो. गेमने ‘उजेड दिसला का’ विचारलं की तो पडद्याकडे पाहतच नाही. स्वतः नुकत्याच काढलेल्या चित्रात माउसखालचा ठिपका काळा की पांढरा ते तपासतो आणि उत्तर देतो, किरण जेव्हा तिथे पोचला असता नेमका तेव्हा. बदक पडतं.